नानांची बॉडी

मी मंचरजवळ अवसरी खुर्दला एका शाळेत इंग्रजी शिकवतो. पंधरा-सोळा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मुलांना इंग्रजी किती आलं ते बोर्डाला ठाऊक, पण मला स्वतःला ते येतं याची मात्र मला पक्की खात्री होती. ती खात्री आमच्या चुलत्यांच्या पिकअपनं एका दिवसात मोडून काढली.

आमचं मूळ गाव मढच्या अलीकडं. भात, नाचणी, थोडी बागायत. माझे वडील मी लहान असतानाच गेले, आणि चुलत्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे त्यांनी आणि चुलतीनं मला वाढवलं. चुलत्यांना आख्खं गाव नाना म्हणतं, चुलतीला मी काकू म्हणतो. नानांकडं एक जुनी पिकअप आहे. गावातला भाजीपाला ओतूरला, नारायणगावला न्यायचा आणि लग्नसराईत वऱ्हाड वाहायचं, असा त्यांचा व्यवसाय. गाडीचं इंजिन ठणठणीत, पण मागची बॉडी इतकी सडलेली की गावात भरलेले बटाटे बाजारापर्यंत रस्त्यानं दानधर्म करत जायचे. गेल्या वर्षी नानांनी मनावर घेतलं, नवी बॉडी करायची.

काकूंनी विरोध केला.

"आधी सोताचं बघा," त्या म्हणाल्या. "चार पावलं चाललं की भात्यावानी दम लागतोय. डॉक्टरला दाखवा, मग गाडीचं बघू."

नाना वादात पडणारे नव्हते. दोन दिवसांनी ते म्हणाले, "तुझंच खरं. मंचरला चांगला डॉक्टर हाय म्हनत्यात. पोराकडं ऱ्हातो दोन-चार दिस, सगळ्या तपासण्या करून येतो." काकूंना बरं वाटलं. गावालाही बातमी कळली, नाना तपासायला चाललेत. लोकांनी वाटेत थांबवून चौकशी केली, एकानं तर "हिंमत सोडू नका" असंही सांगितलं. नाना पिकअप घेऊन निघाले, मंचर ओलांडलं आणि डॉक्टरच्या दारावरून सरळ पारगावच्या बाजूला गेले. तिथं कारखान्याच्या भागात ट्रॉल्या आणि टेम्पोंच्या बॉड्या बांधणारा एक मिस्त्री त्यांनी आधीच हेरून ठेवला होता. रात्रीचा मुक्काम माझ्या खोलीवर. मी सगळं ऐकून घेतलं आणि काकूंना फोनवर सांगितलं की तपासण्या चालू आहेत. हे खोटं बोलायला मला फार जड गेलं असं नाही.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या गावात बॉडी हा शब्द दिवसातून दहा वेळा तरी कानावर येतो. सोसायटीच्या संचालक मंडळाला बॉडी म्हणतात. मागच्या निवडणुकीत नाना ज्या बॉडीत होते ती पडली आणि नवी बॉडी आली. दोन्ही बॉड्या एकमेकींचं तोंड बघत नाहीत. जत्रेच्या कमिटीलाही बॉडी म्हणतात, ती वर्षातून एकदा जिवंत होते आणि वर्गणी संपली की शांत होते. आमच्या भावकीतला एक तिशीतला गडी सकाळ-संध्याकाळ जिममध्ये जातो, त्यानंही बॉडी केलीय. त्या बॉडीला अजून भाताची एक पेंढी उचलायची वेळ आलेली नाही. आणि घाटात अपघात झाला की लोक विचारतात, "बॉडी कुटं हाय?" एवढं सगळं असून कधी कुणाचा गोंधळ होत नाही. बोलताना माणूस समोर असतो, त्याच्या चेहऱ्यावरून कळतं कुठली बॉडी. मोबाईलवर चेहरा नसतो, हे मला कळायला हवं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी सात वाजता नाना चहा पिता पिता म्हणाले, "आज दुपारी गाडी मिळतीय. गावाकडं सांग, पाचच्या सुमाराला बॉडी येती म्हनून. हार-नारळ घिऊन चार मानसं हुबी ऱ्हायली पायजेत. नवी गाडी आनल्यावानी झालं पायजे."

"काकूंना काय सांगू?"

"तिला काय सांगू नको. नुसतं बॉडी येती म्हन. ज्याला कळायचं त्याला कळंल."

नानांचा स्वतःचा साधा फोन गावी घरीच चार्जिंगला राहिला होता. मला दहावीच्या पेपरला सुपरव्हिजन होतं आणि निघायची घाई होती. फोन कुणाकुणाला करत बसणार? मी भावकीच्या ग्रुपवर लिहिलं; नाव भावकीचं, पण अर्धं गाव त्यात आहे. मास्तर माणूस, त्यामुळे चांगलं शुद्ध लिहिलं. अजून तो मेसेज माझ्याकडं आहे: "नानांची बॉडी आज सायंकाळी पाचपर्यंत गावात येत आहे. कृपया सर्वांनी उपस्थित राहावे. हार, फुले व नारळ यांची व्यवस्था करावी."

एकदा वाचून पाहिला. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर होतं. पाठवला, आणि केंद्रावर जाऊन फोन बंद करून तिथल्या कपाटात जमा केला.

पेपर संपला, गठ्ठे मोजून झाले, तोवर नाना गाडी घेऊन दारात उभे. नवी बॉडी खरंच देखणी झाली होती. निळा रंग, कडेला पिवळ्या वेली, मागे दोन मोर. मिस्त्रीनं हौसेनं मोरांना पापण्यासुद्धा काढल्या होत्या. नानांनी धूळ नको म्हणून उपरणं डोक्याला आणि तोंडाला गुंडाळलं होतं, फक्त डोळे दिसत होते, आणि ते हसत होते. आम्ही निघालो. सुपरव्हिजनचा शीण होता, मला डुलकी लागली. फोन चालू करायचा राहिलाच.

आळेफाट्याला चहाला थांबलो तेव्हा मी फोन चालू केला. तो हातातच थरथरायला लागला आणि दोन मिनिटं थांबेना. शंभरावर मेसेज, मिस्ड कॉल वेगळे. पहिलाच मेसेज आमच्या जिमवाल्या भावाचा: "सर, पोस्टमार्टम झालं का?" त्याच्या खाली हात जोडलेल्यांची रांग. भावपूर्ण श्रद्धांजली. आत्म्यास शांती लाभो. कुणी फुलं, कुणी पणत्या, कुणी ढगात जाणारा रस्ता. एकानं चुकून वाढदिवसाचा केक टाकला होता आणि मागाहून माफी मागितली होती.

माझा चहा सांडला.

"काय झालं?" नानांनी विचारलं.

"नाना, तुमी गेलात."

"कुटं?"

मी फोन त्यांच्यापुढं धरला. त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही. मग मीच वाचून दाखवायला लागलो. आधी ते हसले, अगदी पोट धरून. मग त्यांना गोडी लागली. "चेरमननं काय लिवलंय?"

चेअरमन म्हणजे सोसायटीच्या नव्या बॉडीचे. त्यांनी लिहिलं होतं, "सहकारातला तारा निखळला."

"मागल्या साली म्हनत व्हता, म्हाताऱ्याला सहकारातलं काय कळतंय," नाना म्हणाले. "वाच म्होरं."

पण तीन-चार मेसेज झाल्यावर त्यांनी हात वर केला. हसू गेलं होतं. "आरं, तिचं काय झालं आसंल? तिला लाव फोन. आधी तिला लाव."

काकूंचा फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. नानांचा घरी राहिलेला फोन लावला, तोही नुसता वाजला. चेअरमनचा फोन व्यस्त, जिमवाल्याचा व्यस्त. सगळं गाव एकमेकांना नानांच्या जाण्याची बातमी सांगत होतं, त्यात जिवंत नानांचा फोन लागायला जागाच नव्हती. शेवटी मी ग्रुपवर लिहिलं, "नाना जिवंत आहेत. माझ्याशेजारी बसले आहेत. बॉडी म्हणजे गाडीची बॉडी."

लगेच उत्तरं आली. "सर, स्वतःला सावरा." "धक्का मोठा आहे, समजू शकतो." गावातले एक निवृत्त ग्रामसेवक आहेत, त्यांनी लिहिलं, "खरे आहे सर. शरीर ही गाडीच, आत्मा ड्रायव्हर." त्याला अकरा जणांनी अंगठे दिले. मी नानांचा फोटो काढून टाकायला गेलो, तर तो अर्ध्यावर फिरत राहिला. तोवर गाडीनं ओतूर सोडलं आणि रेंज गेली.

नाना आयुष्यात कधी गाडी जोरात चालवत नाहीत. त्या दिवशी चालवली. तोंडावरचं उपरणं त्यांनी काढलंसुद्धा नाही. मला वाटलं ते माझ्यावर चिडतील, पण ते एवढंच म्हणाले, "ती घरात एकटी हाय रं."

गावाच्या अलीकडं फाट्यावर शेजारच्या गावचा एक अनोळखी माणूस शिट्टी घेऊन उभा होता. पन्नासेक मोटारसायकली, चार चारचाक्या. त्यानं हात आडवा केला.

"ओ पावणं, गाडी बाजूला घ्या. बॉडी यायचीय."

नाना खिडकीतून म्हणाले, "आरं, ही काय आणलीय की!"

त्यानं मागे जाऊन बघितलं. मोर बघितले. परत आला आणि घाबऱ्या आवाजात म्हणाला, "मागं तर कायच न्हाई, राव."

"भरायची हाय अजून," नाना म्हणाले आणि गाडी पुढं काढली.

मारुतीच्या देवळापुढं मांडव नव्हता इतकंच, बाकी सगळं होतं. सतरंज्या, खुर्च्या, माईक. एका बाजूला लाकडं रचायला आणलेली. देवळाच्या भिंतीवर फ्लेक्स. मेसेज सकाळी सातचा, आणि दुपार व्हायच्या आत ओतूरहून फ्लेक्स छापून आलाही होता म्हणे. आमच्या रस्त्यावरचा एक खड्डा बुजवायला अर्ज केला की वर्ष जातं. फ्लेक्सवर नानांचा फेट्यातला फोटो कुठल्याशा लग्नातून कापून घेतलेला, खांद्यावर कुणाचा तरी हात तसाच राहिलेला. खाली "शोकाकुल" म्हणून चौदा जणांचे फोटो, प्रत्येक फोटो हसरा. त्यात माझाही होता.

आम्ही गर्दीमागं थांबलो. कुणी वळून बघेना, कारण माईकवर चेअरमन बोलत होते. नंतर कळलं की आधी जुन्या बॉडीनं बोलायचं की नव्या बॉडीनं, यावर अर्धा तास बाचाबाची झाली होती आणि सत्तेत असलेल्यांनी माईक मिळवला होता.

"नानांनी राजकारण कधीच केलं नाही," चेअरमन सांगत होते. "आमच्यात मतभेद होते, मनभेद नव्हते. त्यांच्या जाण्यानं जी पोकळी झालीय ती भरून निघणार नाही. म्हणून सोसायटीच्या वतीनं मी इथं जाहीर करतो, आपल्या नव्या गोडाऊनला नानांचं नाव देण्यात येईल."

टाळ्या वाजल्या. मौताच्या सभेत टाळ्या वाजवत नाहीत हे दोन-तीन जणांना मागाहून आठवलं.

नाना गाडीतून उतरले आणि गर्दीतून वाट काढत निघाले. चालता चालता त्यांनी तोंडावरचं उपरणं सोडलं. बाजूची माणसं गप्प होत गेली. एक म्हातारी "अगं बाई!" म्हणून खाली बसली. चेअरमन डोळे मिटून दोन मिनिटं स्तब्ध राहायला सांगत होते. डोळे उघडले तर समोर नाना, हात पुढं करून उभे.

"माईक द्या जरा."

चेअरमननी दिला. देण्यावाचून दुसरं काय करणार?

"गोडाऊनचा ठराव झाला ना?" नाना माईकवर म्हणाले. "आख्ख्या गावानं ऐकलाय. आता पुसू नका."

आधी कुणीच हसलं नाही. मग जुन्या बॉडीतले हसायला लागले, आणि त्यांचं हसू नव्या बॉडीला लागलं. कुणी शिवी दिली, कुणी नानांच्या पाया पडलं. जिमवाला भाऊ माझ्याकडं येऊन म्हणाला, "सर, तुमी इंग्लिश शिकवता ना?" खांदा द्यायला सगळ्यात पुढं उभं राहायचं म्हणून तो नवीन पांढरा टी-शर्ट घालून आला होता.

नाना मात्र तोवर घराकडं चालू लागले होते. दम लागत होता, तरी थांबत नव्हते. मी मागोमाग.

घराच्या ओट्यावर बायका बसल्या होत्या. आमच्या ग्रामपंचायतीनं विधवेच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, असा ठराव केलेला आहे. तो काचेच्या चौकटीत लावलाय आणि तो हातात धरून वर्तमानपत्रात फोटोही आलाय. त्या फोटोत पुढं उभ्या राहिलेल्या दोन बाया त्या दिवशी आमच्या ओट्यावर पाट आणि पाण्याची घागर मांडून तयार बसल्या होत्या. काकू घराच्या आत होत्या आणि त्यांनी आतून कडी लावली होती.

बायका सांगत होत्या, सकाळपासून दार उघडत न्हाई. रडत न्हाई, बोलत न्हाई. फोन वाजतोय तरी उचलत न्हाई. एकदाच आतून म्हनली, "मला मानूस दाखवा. दाखवल्याबिगर कुनी माझ्या अंगाला हात लावायचा न्हाई."

नानांनी दारावर थाप मारली. "आगं, उघड. मी हाय."

कडी निघाली. काकू उंबऱ्यात उभ्या राहिल्या. हातातल्या हिरव्या बांगड्या जागच्या जागी होत्या. त्यांनी नानांचा दंड धरून दाबून बघितला, जसं बाजारात फळ बघतात तसं. मग विचारलं, "डॉक्टर काय म्हनला?"

नाना खाली बघायला लागले. तेवढ्यात कुणीतरी हौसेनं पिकअप दारापर्यंत आणली, हॉर्न वाजवत. काकूंनी निळा रंग बघितला, वेली बघितल्या, मोर बघितले. नानांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. ती नजर मी आयुष्यात विसरणार नाही. पाट मांडून बसलेल्या बायांना त्या म्हणाल्या, "घागर उचला, आन् पाणी तुळशीला घाला. वाया घालवू नका." आणि आत जाऊन चूल पेटवली.

पुढचा महिनाभर त्या नानांशी बोलल्या नाहीत. जेवण वाढायच्या, पण ताट खाली ठेवून वळायच्या. माझ्याशी बोलायच्या, पण मला "सर" म्हणायच्या, आणि ते जास्त लागायचं. नानांनी आधी चेष्टेवारी नेलं. तो फ्लेक्स त्यांनी देवळाच्या भिंतीवरून उतरवून घेतला आणि ताडपत्री म्हणून टोमॅटोवर घालायला सुरुवात केली. त्यामुळे काही दिवस ओतूरच्या बाजारात चौदा हसरे शोकाकुल टोमॅटोवर पसरलेले दिसायचे. गोडाऊनचं म्हणाल तर पुढच्याच मीटिंगला चेअरमननी सांगितलं, हयात माणसाचं नाव देणं नियमात बसत नाही. नाना म्हणाले, "मग थांबतो की." त्यावर नवी बॉडी मनापासून हसली. कदाचित जरा जास्तच मनापासून.

महिना उलटल्यावर एका सकाळी काकू तयार होऊन पिकअपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "चला मंचरला." नाना मुकाट्यानं गेले. तपासण्या झाल्या, या वेळी खऱ्या. हृदयाची एक नळी आखडली होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तंबाखू बंद केली, आणि आणखी सहा महिने उशीर केला असता तर काय झालं असतं ते नानांना न सांगता काकूंना सांगितलं. काकूंनीही ते नानांना सांगितलं नाही. मला सांगितलं. त्या दिवसापासून मला पुन्हा नावानं हाक मारायला लागल्या.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेलो होतो. दुपारी काकू अंगणात भात वाळवत बसल्या होत्या. मी त्यांना इतके दिवस मनात होतं ते विचारलं, "काकू, त्या दिवशी सगळ्या गावाला खरं वाटलं. शिकलेली माणसं होती. तुम्हाला का वाटलं नाही?"

त्यांनी हातानं भात पसरला. काकू दुसरीपर्यंत शिकल्यात. मेसेज त्यांना शेजारच्या सुनेनं वाचून दाखवला होता.

"तिनं वाचलं, नानांची बॉडी येत हाय," काकू म्हणाल्या. "मी म्हनलं, कुनी लिवलंय? तर म्हनली, सरांनी. तवाच मी वळखलं, ह्यात कायतरी घोळ हाय."

"ते कसं?"

"आरं, घाटात कुनी मेलं तर आपुन बॉडी म्हनतो. परक्याला. तू नानाला बॉडी म्हनशील व्हय? त्यांच्या खांद्यावर बसून जत्रा बघितलीस तू. ते गेलं आसतं तर तुला लिवायला सुचलंच नसतं. हार, फुलं, नारळ, कृपया." त्यांनी भातातला एक खडा वेचून टाकला. "तरी दिवसभर भ्या वाटत व्हतं, चूल बी पेटवली न्हाई. कडी काय उगंच लावली व्हती?"

पोती आणायला सांगून त्या उठल्या, आणि मी गोठ्याकडं पोती आणायला गेलो.